घंटा वाजतेय तोवर

आमच्या सासरच्या माणसांचं एक आहे. बारसं असो की बारावं, चार डोकी जमली आणि चहा झाला की कुणीतरी दौलूभावजींचा किस्सा काढतोच. एकावरून दुसरा निघतो, दुसऱ्यावरून तिसरा, आणि मग चहा पुन्हा टाकावा लागतो. नव्या सुना हसून हसून लोळतात. मीही हसते. पण खरं सांगू? हे घडत होतं तेव्हा मी एकदाही हसले नव्हते. टेन्शन हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता, पण माल भरपूर होता!

दौलूभावजी म्हणजे माझे थोरले दीर. कसबा बावड्याच्या पलीकडे, नदीच्या अंगाला आमचा मळा. मळ्यातच घर, घरामागे विहीर आणि विहिरीपलीकडे गुऱ्हाळ. मी कोल्हापूर शहरातली, मास्तरांची मुलगी. स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन-तीन वर्षांनी लग्न होऊन इथं आले. स्थळ ठरवताना या लोकांनी सगळं सांगितलं होतं, ऊस किती, म्हशी किती, गुळाला भाव काय. थोरले दीर आजारी असतात, हे सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

*

लग्नानंतरची पहिलीच सकाळ. परसात गेले तर विहिरीच्या काठावर एक धिप्पाड माणूस चालत होता. काठाजवळून नव्हे, काठावरून! वीतभर रुंदीचा दगड, खाली काळं पाणी, आणि हा माणूस देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा गोल फिरतोय. मी किंचाळायला तोंड उघडलं आणि मागून सासूबाईंचा हात माझ्या तोंडावर आला. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

“वरडू नगंस,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. “वरडलीस तर दचकून पडंल त्यो.”

भावजींनी मला बघितलं. त्या वीतभर दगडावर उभं राहून त्यांनी मला चक्क हात जोडले.

“भिऊ नगंस सुमन. पान्यातला मानूस मला पडू देत न्हाय. त्येनं बोलवल्याबिगार मी जायाचा न्हाय.”

आत्याबाईंनी माझ्या तोंडावरचा हात तसाच ठेवला आणि म्हणाल्या, “ह्यो तुजा थोरला दीर. पाया पड.”

*

हा पाण्यातला माणूस कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. भावजींना त्याचा आवाज यायचा. कधी विहिरीतून, कधी नदीतून, एकदा तर घागरीतूनही. कधी तो महिनाभर गप्प असायचा. तेव्हा भावजी आमच्या ह्यांच्यापेक्षा चांगलं शेत करायचे, म्हशीची धार काढायचे, आत्याबाईंचे पाय चेपायचे. मग एके दिवशी मान वाकडी करून ते काहीतरी ऐकू लागले की घरातल्या सगळ्यांचा घास तोंडातच राहायचा.

एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी मळ्याच्या बांधाला लागलं. भावजी छातीभर पाण्यात जाऊन उभे. लाकडं वाहत येतायत, एक मेलेली शेळी त्यांच्या खांद्याला घासून गेली, आणि हे आपले कुणाशीतरी बोलतायत! मामंजी, म्हणजे माझे सासरे, बांधावर गुडघे टेकून बसले होते. आमचे हे दोर घेऊन उतरायला लागले तर भावजी आणखी दोन पावलं आत सरकले. कुणी जवळ गेलं की ते आत जाणार, हे सगळ्यांना कळलं.

तेव्हा शिदूअण्णा पुढे आले. हे आमच्या गुऱ्हाळाचे गुळव्या. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, तो गूळ व्हायला नेमका कधी खाली उतरायचा, हे ठरवणारा तो गुळव्या. त्यांनी रोजच्या आवाजात हाक मारली.

“दौलूऽ! काईल उतराय आलीया. पाक बगाय कोन येनार?”

भावजी वळले. सरळ चालत बाहेर आले, ओल्या अंगानं गुऱ्हाळात गेले. पावसाळ्यात कसलं गुऱ्हाळ! काहिलीखालच्या चुलवाणात मांजर व्यालं होतं. भावजींनी मांजराकडे बघितलं, मग शिदूअण्णांकडे.

“खोटं तुमी बोलतासा,” ते म्हणाले, “आनि येडा मी व्हय?”

पुढं आठवडाभर ते शिदूअण्णांशी बोलले नाहीत.

*

मग कुणीतरी सुचवलं म्हणून लांबच्या गावाहून एक देवरशी आणला. त्यानं अंगणात मिरच्यांची धुरी केली, विस्तवात एक लोखंडी सळी खुपसून ठेवली आणि भावजींना समोर बसवलं. मी दाराआडून बघत होते.

“बोल!” देवरशी ओरडला. “कोन हाईस तू? कुठनं आलाईस?”

भावजींनी शांतपणे आपलं नाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, मळा दाखवला. मग धुरानं खोकत त्यांनी विचारलं, “आनि पावणं, तुमी कोन गावचं?”

अंगणात जमलेली सगळी माणसं हसली. देवरशाला ते हसणं लागलं असावं. त्यानं सळी उचलली आणि भावजींच्या मनगटावर टेकवली. त्या हसण्यातच भावजींचं ओरडणं ऐकू आलं. घरात हा किस्सा सांगतात तेव्हा ‘पावणं’पाशी थांबतात. मला थांबता येत नाही, कारण तो जळका वास माझ्या लुगड्यातून दोन धुण्यांत गेला नव्हता.

*

शेवटी माझ्या वडलांच्या ओळखीनं शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. टेबल, पंखा, भिंतीवर माणसाच्या मेंदूचं चित्र. भावजी खूश! खुर्चीवर ऐटीत बसले.

“तुम्हाला आवाज ऐकू येतात का?” डॉक्टरांनी विचारलं.

“येत्यात की. तुमचाबी येतोय.”

डॉक्टर हसले. “दुसऱ्या कुणाचा? पाण्यात उडी मार, असं कुणी सांगतं का?”

टेबलावर पाण्यानं भरलेला ग्लास होता. तो भावजींनी उचलून हळूच लांब ठेवला आणि डॉक्टरांच्या कानाशी वाकले.

“हळू बोला की डॉक्टर. त्येला ऐकू जाईल.”

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “मनाचा मोठा आजार आहे. लांबच्या इस्पितळात ठेवावं लागेल. नाहीतर पाणी, विस्तव आणि उंच जागा, यांपाशी एकट्याला सोडू नका.” त्या काळी आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. आणि आमच्या घरी पुढे नदी, मागे विहीर, विहिरीपलीकडे काहील! ह्यांनी एसटीत बसल्यावर डोकं धरलं ते मळा येईतोवर सोडलं नाही.

*

पुढच्या हंगामात ते घडलंच. शिदूअण्णांची पाक बघायची एक रीत होती. थंड पाण्यात हात बुडवायचा, तसाच ओला हात उकळत्या पाकात घालून चिमूटभर उचलायचा आणि पुन्हा पाण्यात. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम खलास. भावजींना त्या पाण्याच्या बादलीत कोण दिसलं कुणास ठाऊक. त्यांनी बादली लाथेनं पालथी केली आणि कोरडा हात कोपरापर्यंत आत घालायला वाकले. शिदूअण्णांनी मागून कंबरेला मिठी मारली आणि दोघं पिळलेल्या उसाच्या चिपाडांच्या ढिगात पडले म्हणून वाचले.

त्या दुपारी मामंजी लोहाराकडून साखळी घेऊन आले.

“साकळी न्हायतर इस्पितळ,” ते म्हणाले. “मला त्येचं मडं उचलायचं न्हाय.”

आत्याबाई गोठ्यात गेल्या आणि आमच्या मेलेल्या सर्जा बैलाची पितळी घंटा घेऊन आल्या. ती त्यांनी भावजींच्या कंबरेला, करदोट्यात ओवून बांधली.

“साकळीनं त्यो कुटं हाय त्ये कळतंय. हिच्यानंबी कळंल की!”

मग मामंजींनी साखळी गोठ्यातल्या खुंटीला टांगली. “ठीक हाय. पर घंटा अंगावरनं निघाली, की त्याच दिशी साकळी. ऐकलंस दौलू?”

“ऐकलं की,” भावजी म्हणाले.

*

घाण्याच्या बैलांच्या घंटा त्या दिवशीच उतरवून ठेवल्या. आमच्या मळ्यात आता एकच घंटा वाजायची. मी भाकरी थापताना ऐकायची, धुणं धुताना ऐकायची. वाजली की हात चालायचा, थांबली की हात थांबायचा. कधी ती विहिरीच्या बाजूला जाऊन गप्प व्हायची, आणि मी पिठाच्या हातानं पळत सुटायची. भावजी चिंचेखाली घोरत पडलेले असायचे!

पण बेंदराला काय करणार? बैलांचा सण. त्या दिवशी गावभर बैल सजले, सगळ्यांच्या गळ्यात घंटा, नुसता कल्लोळ. त्यात आमची घंटा कुठली ऐकू येणार? भावजी दिसेनात. हे नदीकडे धावले, मामंजी विहिरीकडे. मी देवाला काय काय कबूल केलं, ते आजही पूर्ण फेडून झालेलं नाही.

सापडले कुठे? आमच्याच गोठ्यात, बैलांच्या ओळीत. आत्याबाई बैलांना पुरणपोळी भरवत होत्या आणि ओळीच्या टोकाला भावजी हात पसरून उभे.

“घंटा बांदलीसा न्हवं?” ते म्हणाले. “मग पोळी देताना मागं का?”

*

तोवर माझी मंगल चालायला लागली होती. भावजींचा तिच्यावर फार जीव. माझा जीव त्यामुळेच टांगणीला. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं आणि एके दिवशी ते माझ्यापाशी आले. मान वाकडी होती.

“सुमन, पोरगी लई हिरीकडं जातीया. त्यो तिलाबी हाका मारतोय.”

रात्रीची वाट न बघता मी शेतात गेले आणि ह्यांना सांगितलं, “साखळी बांधा, नाहीतर मी लेक घेऊन माहेरी जाते.” हे मान खाली घालून म्हणाले, “हंगाम संपू दे. मी स्वतः बांधतो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी काहील उतरायला आली होती. अशा वेळी कुणाचेच हात मोकळे नसतात. मामंजी, हे, शिदूअण्णा, सगळे काहिलीभोवती. मी आणि आत्याबाई गूळ ओतायची जागा सारवत होतो. मंगलला मी घरात झोपवून आले होते. घंटा परसात वाजत होती. भावजी परसात आहेत, ठीक आहे. शिदूअण्णा तर म्हणालेसुद्धा, “आज दौलूची स्वारी खुशीत दिसतीया, लई नाचतोय.”

घंटा वाजत वाजत जवळ आली. चिपाडांच्या ढिगाला वळसा घालून आली. मी मान वर केली.

मंगल होती. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होती. कंबरेला करदोट्याचे दोन वेढे, त्यात सर्जाची घंटा. ती दुडूदुडू चालत होती आणि घंटा वाजतेय म्हणून हसत होती.

मी तिला उचललं. पोटाशी धरलं. तिच्या अंगाला विहिरीतल्या शेवाळाचा वास येत होता. आत्याबाईंच्या हातातलं मडकं पडून फुटलं. काहील तशीच चुलवाणावर टाकून सगळे विहिरीकडे धावले. पूर्ण हंगामात करपलेला तो एकच गूळ.

विहिरीत कुणी दिसेना. पाणी हलत होतं. मामंजी काठावर ओणवे होऊन “दौलू, दौलू” करत होते. शिदूअण्णांनी उडी टाकली, वर आले, पुन्हा खाली गेले. वर आले ते रिकाम्या हातांनी. हे गळ आणायला पळाले. मला वाटलं, संपलं. आपण साखळी बांधायला सांगितली होती, आता बांधायला माणूसच उरला नाही.

तेवढ्यात गोठ्यातून आत्याबाईंची हाक आली.

भावजी गोठ्यात सर्जाच्या जुन्या जागेवर बसले होते. अंगावरून पाणी गळत होतं, दात वाजत होते, कोपरं सोलवटली होती. साखळी त्यांनी खुंटीवरून काढून स्वतःच्या पायात घातली होती. मामंजी दारात आले तसं त्यांनी साखळीचं दुसरं टोक वडलांपुढे धरलं.

“घंटा पोरीला दिली, आबा. ती लई हिरीकडं जातीया. बांदा की मला.”