खिळ्यावरची केबल

मशीनचं झाकण काढलं की तो आधी आत पाहायचा नाही, वास घ्यायचा. डोळे मिटून, नाक पुढं करून. मग मान मागं घ्यायचा आणि म्हणायचा, "घाण हाय. लई घाण हाय." एवढं झालं की खिशातला पिवळा फडका बाहेर यायचा.

आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या दुरुस्तीसाठी सोलापूरहून येणारा हा माणूस. मूळचा मुरुमचा. तिशीचा असेल. अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि कपाळावर कायम एक आठी. मी हिशेब विभागात होतो. माझं टेबल कॉम्प्युटरच्या खोलीला लागून, म्हणून त्याची सरबराई माझ्याकडं.

पहिल्या खेपेला शिपायानं त्याला पाणी देण्याआधी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. मग आम्हा सगळ्यांना चहा कपातून आला आणि त्याला खिडकीतल्या टवका उडालेल्या ग्लासातून. तुम्हीही असे ग्लास पाहिले असतील. ते कुणासाठी ठेवलेले असतात हे कुणी सांगावं लागत नाही. मला शिसारी आली. तो उठला, चहा बाहेर ओतला, ग्लास फडक्यानं पुसला आणि मशीनचे काढलेले स्क्रू त्यात टाकले.

"स्क्रूला बरा हाय हा, अण्णा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या खेपेपासून मी घरून डब्यासोबत दोन कप आणू लागलो. त्यातला चहा तो प्यायचा. पण कप आधी हुंगायचाच.

आता त्या खोलीविषयी. कारखान्यात एकच खोली गार होती, ती कॉम्प्युटरची. त्यामुळं साखरेचे नमुने तिथं, संचालकांची मिठाई तिथं, कुणाच्या तरी घरी जायचा पेढ्यांचा पुडाही तिथंच. दसऱ्याला बॉयलर, क्रेन यांच्यासोबत कॉम्प्युटरचीही पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, त्याचं पाणी कळफलकावर सांडलं. प्रसादाची साखर मशीनच्या माथ्यावर तशीच राहिली. मागच्या बाजूला एक पत्र्याची पट्टी निखळलेली होती. उंदरांना आणखी काय हवं?

त्या वर्षी पाऊस गेला होता. विहिरींनी दिवाळीआधीच तळ दाखवला. उभा ऊस पाण्यावाचून रोज वजन सोडतो, म्हणून कुणाचा ऊस आधी तुटणार याला फार मोल होतं. नियम असा की ज्याच्या उसाची लागण आधी त्याची तोडणी आधी. हा क्रम हार्ड डिस्कवर होता. छापील यादी फक्त चालू पंधरवड्याची. फ्लॉपीवर नक्कल घ्या असं आम्हाला बजावलं होतं. फ्लॉप्या कपाटात कोऱ्याच होत्या.

भर हंगामात एका सकाळी पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही. कारखान्याच्या वायरमननं झाकण काढलं, आतली पट्टीसारखी केबल कुरतडलेली दिसली, ती काढून तिच्यासारखी दुसरी लावली. तरीही तेच. शेतकी अधिकाऱ्यांनी लगेच जाहीर करून टाकलं, "डिस्क गेली. आता क्रम हातानं लावू." हातानं म्हणजे कुणाच्या हातानं, आणि संचालकांचा उशिरा लावलेला ऊस कितव्या नंबरवर येणार, हे न कळायला आम्ही कुकुलं बाळ नव्हतो. माणसं वाळत्या उसाकडं बघत बसली होती आणि या गृहस्थांचा चेहरा खुलला होता. तो चेहरा आठवला की आजही तोंड कडू होतं.

दारात अणदूरचे एक म्हातारे टॉवेल अंथरून बसलेले. तिसऱ्यांदा आलेले. त्यांची लागण बरीच आधीची, पाळी पुढच्याच पंधरवड्यात येणारी. नव्या यादीत नाव खाली गेलं तर त्यांचा ऊस जळणालाच जाणार होता.

सोलापूरचा तो दुरुस्तीवाला दुपारच्या एस.टी.नं आला. झाकण काढलं, वास घेतला, आणि पहिल्यांदाच तोंडाला फडका बांधला. आत उंदरांचं घर होतं. कागदाचे कपटे, कुंकू, साखरेचा चिकट लगदा, लेंड्या, आणि वाळून चामडं झालेलं एक पिल्लू. त्यानं सगळं पुठ्ठ्यावर काढलं.

"देवाला दिवून उरलेलं उंदराला, अन् उंदराचं उरलेलं आमाला," तो म्हणाला.

मग वायरमननं लावलेली पट्टी ओढून त्यानं मला दाखवली. "अण्णा, डिस्कला दोन केबली जात्यात. एक रुंद, एक अरुंद. ही रुंद फ्लॉपीची हाय. तारा तेवढ्याच, बसतीयबी गपकन. पण हितं बघा, टोकाला काई तारा पिळल्यात. डिस्कच्या केबलीत हा पीळ दुसऱ्या तारांना असतो. म्हणून ती डिस्कला हाक मारती अन् डिस्क वो देत न्हाय."

शेतकी अधिकारी पाठीमागं येऊन उभे होते. "मिस्त्री, डिस्क गेली एवढं लिहून द्या. बाकीचं आम्ही बघतो."

"मढं न्हाय तर सुतक कशाचं पाळता साहेब?"

"तुमचं बिल निघाल्याशी कारण ना?"

त्यानं नाकाला फडका लावला. "हितं उंदरापेक्षा जास्त वास यायलाय."

म्हाताऱ्यांनी दारातून विचारलं, "लेकरा, आमचं नाव हाय का त्यात?"

"हाय बाबा. आत हाय. वाट तेवढी बंद हाय."

तशी केबल त्याच्याजवळ नव्हती. जीप मागितली तर डिझेल नाही म्हणून सांगण्यात आलं. तो एस.टी.नं सोलापूरला गेला आणि सकाळी परत आला. दोन्ही केबली नव्या लावल्या, कडेची लाल तार एक नंबरच्या बाजूला येते का ते बोट ठेवून पाहिलं, मागचं भोक पत्र्यानं बुजवलं. मशीन घरघरलं आणि नावं वर सरकू लागली. अणदूरचं नाव जागेवर होतं. त्यानं ते म्हाताऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पुन्हा वास घेतला.

"आता बरं हाय," म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून एकदाच ऐकलं.

जाताना त्यानं कुरतडलेली केबल दाराशेजारच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. "असू द्या हितंच. कुणी डिस्क मेली म्हणलं की आधी हिच्याकडं बघायचं."

हंगाम क्रमानं पार पडला. पुढच्या वर्षी दुरुस्तीचं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं गेलं. कारण विचारलं तर म्हणाले, तोंडाचा फटकळ आहे. माझ्या डब्यासोबतचा दुसरा कप महिनाभर तसाच येत-जात राहिला. मग मी तो आणणं सोडलं.

त्या हंगामातही एकदा पडदा कोरा पडला. शेतकी अधिकारी बाहेर येऊन म्हणाले, "डिस्क गेली बहुतेक."

अणदूरचे म्हातारे दारातच होते. त्यांनी खिळ्याकडं बोट केलं. "साहेब, आधी ती पट्टी बदलून बघा की."

बाकीची माणसंही तिकडंच बघायला लागली. अधिकारी शिपायावर खेकसले, "काढ रे ते आधी तिथून."

शिपाई जागचा हलला नाही. "उंदराचा मूत हाय त्याला, साहेब," तो म्हणाला. "म्या न्हाय हात लावणार."

साहेबांनीही लावला नाही.