हळद न लावून घेणारी मावशी

ताडकळसची मावशी कुणाच्याही हळदीत सगळ्यांत पुढे असायची, पण स्वतःच्या अंगाला हळदीचं बोट लागू द्यायची नाही. नवरीला माखायची, लाजणाऱ्या पोरींना गाणी म्हणायला लावायची. कुणी तिच्या गालाकडे हात नेला, की मनगट घट्ट धरायची. भावकीतल्या चार-दोन सुना त्यावरून रुसल्याही. मावशीला कुणाच्या रुसण्याचं फारसं काही वाटत नसे.

कारण होतं तिच्या आजारात. तिची एकुलती एक लेक सुरेखा शाळेत असताना मावशीचे डोळे पिवळे झाले. डोळे पिवळे म्हणजे कावीळ, हे आमच्याकडे डॉक्टरला विचारायची पद्धत नाही. घरच्यांनी तिला माळवाल्याकडे नेलं. त्याने डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत खाली आली, की कावीळ उतरते म्हणतात. जेवणातलं तेल बंद, हळद बंद. माळ पोटापर्यंत आली आणि मावशी स्वतःच्या पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा उचलताना चक्कर येऊन पडली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही साधी कावीळ नव्हेच; हिचं शरीरच हिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी परक्या समजून फोडतंय. क्वचितच कुणाला होणारा आजार. मावशीने तो आम्हाला एका वाक्यात समजावला होता, "माझंच रक्त मला वळखंना झालंय."

गोळ्यांनी तिचं तोंड पुरीसारखं फुगलं, झोप उडाली आणि मुळातच तिखट असलेला स्वभाव आणखी तिखट झाला. पण ती बरी झाली, गोळ्याही सुटल्या. दुखणं परत उलटू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी ती अंगणात उजेडाकडे तोंड करून उभी राहते आणि छोट्या आरशात खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघते. अजूनही बघते. भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं होतं.

"लय वाटती. म्हणून तर बघते. आन् अंगाला हळद लावून घेतली, तर पिवळं कशानं झालंय ते कळंल कसं?"

सुरेखाच्याच हळदीच्या सकाळी तिने आरसा खाली ठेवला आणि माझ्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, जवळ बोलावलं. डोळे पिवळसर दिसत होते. दोन दिवस कळ काढ, लग्न होऊ दे, सोयऱ्यांच्या कानावर जायला नको, मग बघू, असं आई हळू आवाजात सांगत राहिली. मावशी पायात चपला सरकवत होती.

"मग बघायला मी राहाया पाहिजे ना, आक्का."

विहीणबाईंना तिने स्वतः फोन करून सगळं सांगितलं आणि काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मोटारसायकलवर बसून परभणीला गेली. आम्ही मांडवात नुसत्या बसून होतो. स्वयंपाक झाला होता, पण कुणाला भूक नव्हती.

संध्याकाळी ती आली, ती दंडावर कापूस चिकटवूनच. दुखणं उलटलं होतं. वेळेवर गेल्यामुळे गोळ्यांवर भागलं होतं. लग्न आटोपताच पुन्हा रक्त तपासायचं होतं. मावशी सुरेखाशेजारी पाटावर बसली आणि तिने गाल पुढे केला.

"लावा आता. काय हाय ते कळलंय, आता कशाला राखायचं?"

आम्ही तिला इतकं माखलं, की शेवटी तिनेच आम्हाला दटावलं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी सुरेखा गाडीत बसेना. आई बरी झाल्याशिवाय मी जायची नाही, म्हणाली. विहीणबाई भल्या, राहू द्या चार दिवस, असं त्यांनीही सांगितलं. मावशीने लेकीचा पदर सारखा केला.

"तू थांबलीस, तर मी लय आजारी हाय असं मलाबी वाटंल. जा. मला बरं व्हायचंय."

सुरेखा बसली. गाडीचं दार मावशीनेच लावलं.