आमचं ‘बरं हाय’

शाल घातली. हातात नारळ दिला. फोटो काढला. आणि मग पुण्याहून आलेला तो शास्त्रज्ञ हसत म्हणाला, “आजोबा, आता तुम्ही बाहेर बसा. पुढची चर्चा शास्त्रीय आहे.”

सांगलीच्या कॅन्सरच्या दवाखान्यातली ही गोष्ट. मला पत्र पाठवून बोलावलेलं. छातीवर बिल्ला, ‘रुग्ण प्रतिनिधी’. माझा डावा जबडा अर्धा काढलेला. तंबाखूची मेहरबानी. तोंडात दोन बोटं शिरत नाहीत, अशा माणसाला नारळ! ह्यांच्या अकलेचा तिथंच अंदाज आला.

बाहेर बाकड्यावर बसलो. दार नीट लागत नव्हतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना तोंड आतून सोलून निघतं. त्यासाठी त्यांनी एक गुळण्यांचं औषध पेशंटांवर तपासलं होतं. शास्त्रज्ञ वाचून दाखवत होता, बहुतेक पेशंट म्हणतात त्रास नाही, जेवण जातं. म्हणजे औषध लागू पडलं. आता ते सगळ्यांना द्यायचं.

त्या पेशंटांत मी होतो.

शेक चालू असताना त्यांचीच एक पोरगी कागद भरून घ्यायला आली होती. “जेवण जातं का?” शेजारी सून उभी. पहाटे उठून तिनं भाकरी दुधात कुस्करून आणलेली. तिच्यासमोर काय सांगू? म्हणालो, “बरं हाय. जातंय की.” ती भाकरी मी दवाखान्यामागं कुत्र्याला घालत होतो. रोज. सुनेच्या हातचं नाकारायचं नाही आणि डॉक्टरपुढं रडायचं नाही, ही आमची रीत.

शेजारच्या खाटेवर कुपवाडचा एक फिटर. बायको जवळ असली की तोही “बरं हाय.” ती पाणी आणायला गेली की माझ्या कानाशी लागायचा, “आण्णा, थुकी गिळली तरी कोयता फिरतोय.” त्यानं शेक अर्धा टाकला, घरी गेला. मी त्याच्या मातीला गेलो. कागदावर मात्र त्याचंही ‘बरं हाय’च राहिलं.

उठलो. दार ढकललं. “आवं, तुमचं समदं खोटं हाय.”

एक डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाली, “आजोबा, तुमचा अनुभव सकाळी ऐकला ना आपण?”

“ऐकला न्हाई. फोटू काढला.”

मग सगळं सांगितलं. कुत्र्यासकट. बोलताना लाळ गळत होती, ती त्यांच्याच शालीनं पुसली. शाल तेवढ्याच लायकीची.

शास्त्रज्ञ म्हणाला, “अनुभव तुम्ही सांगा, अर्थ आम्ही काढू. शिक्षण किती तुमचं?”

“चौथी नापास. पर खोटं बोललो त्ये मी. तुमी एवढं पास हून बी वळखलं न्हाईसा.”

कुणीतरी हसलं. बाईनं कागद पुढं सरकवला. रुग्णांच्या सल्ल्यानं केलं, असं त्यावर छापलेलं. खाली माझ्या सहीची जागा.

“सही नसेल तर हे काम अडेल, आजोबा.”

“आडू द्या. नातेवाईक भाईर काढून पुन्यांदा इचारा. मग बगू.”

नारळ त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. फोडा म्हणावं, तुम्हाला दात आहेत.

आता दर मंगळवारी मी शेकाच्या खोलीबाहेर बसतो. नातेवाइकाला चहाला पिटाळतो आणि पेशंटाला विचारतो, “खरं सांग गड्या, काय जातंय पोटात?” सांगतात. काही रडतात. वाकड्यातिकड्या अक्षरात मी वहीत उतरवतो. दवाखान्यातून सहीसाठी दोनदा फोन आला. म्हणालो, आधी वही वाचा. अजून कुणी आलं नाही. चौथी नापासाची वही वाचायला कमीपणा वाटत असेल.

सुनेला कुत्र्याचं खरं सांगून टाकलं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाली, “मामा, मला त्याच दिशी सांगायचं हुतं.”

तिलाच बजावून ठेवलंय. मी मेलो आणि ही माणसं कागद घेऊन दारात आली, तर आधी ही वही पुढं टाकायची. ती वाचल्याबिगर मेलेल्याचा अंगठासुद्धा द्यायचा नाही.