उजेडाला जागा लागते

पुण्याची गाडी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सुटायची वेळ झाली होती आणि माझे थोरले चुलते, तात्या, फोटोवाला आला नाही म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते. माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती. फुलं आमच्याच मळ्यातली, आदल्या दिवशी बाजारातून न खपता परत आलेली. त्यांना कुबट वास येत होता. आई खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "पोटाला खात जा." धाकटी बहीण सुमी तिच्या शेजारी उभी होती. माझ्या पुस्तकांच्या पिशवीवरून तिची नजर हलत नव्हती.

नव्वदीतली ही गोष्ट. आमच्या मखमलाबादच्या गल्लीतून माझ्याआधी दोन पोरी शिकायला बाहेर पडल्या होत्या. त्यांच्या आयांना लोकांनी काय काय ऐकवलं ते मी या कानांनी ऐकलंय. माझा नंबर लागेपर्यंत लोकांची तोंडं दुखायला लागली होती, म्हणून मी सुटले.

पुण्याहून पुढे जर्मनीला गेले. तिथल्या कॅन्टीनमधला उकडलेला कोबी आठवला की अजून ओकारी येते, पण कामावर जीव जडला. दिवसभर कॉम्प्युटरवर सिम्युलेशन चालवायचं. विश्व कोवळं होतं तेव्हा पहिल्यावहिल्या आकाशगंगांच्या भोवती हायड्रोजनचं धुकं पसरलेलं होतं. त्यांचा एक खास रंगाचा उजेड हा हायड्रोजन झेलायचा आणि भलतीकडेच उधळून द्यायचा. प्रत्येक आकाशगंगा आपल्या तेजानं भोवतालचे अणू फोडून थोडी जागा मोकळी करत होती. त्या जागेतून जाताना, विश्व पसरत असल्यामुळे, उजेडही ताणला जायचा. पुरेसा ताणला की पुढचं धुकं त्याला धरू शकत नसे. पण आकाशगंगा एकटी असली तर जागा तोकडी, आणि ताणला जायच्या आतच उजेड धुक्यावर आपटायचा. ती कितीही तेजस्वी असो, आपल्याला दिसत नाही. शेजारणी असल्या की सगळ्यांच्या जागा एकमेकींना मिळतात आणि उजेड निसटतो. माझी सगळी पीएचडी ती एवढीच.

पीएचडी घेऊन घरी आले तर चौकात माझा फ्लेक्स लागलेला. त्यात माझ्यापेक्षा तात्यांचा फोटो मोठा. तेव्हा सुमी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, फिजिक्समध्ये माझ्यापेक्षा सरस, आणि तिला एमएस्सीला पुण्याला जायचं होतं. तात्यांनी मात्र कळवणचं स्थळ हेरून ठेवलेलं. "एक गेली तेवढी बास. आता हिला पण पाठवून काय घराला कुलूप लावायचं?" वडील जन्मात कधी तात्यांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

सत्काराला शाल आली, नारळ आला, वर पाऊण तास तात्यांचं भाषण. मग माईक माझ्या हातात आला. मी एकट्या आकाशगंगेची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आणि आमचे तात्या सुमीलाही पुण्याला पाठवणार आहेत." टाळ्यांचा नुसता कडकडाट! तात्यांना उठून हात जोडावे लागले. मला वाटलं, आपण जिंकलो.

कसलं काय! मी जर्मनीला परतले आणि फाल्गुनात, परीक्षेच्या तोंडावर, त्यांनी सुमीचं लग्न उरकलं. मला फोन आला तो अक्षता पडल्यावर. "तुला सुट्टी कुठं मिळाली असती," आई म्हणाली. मला शिसारी आली. त्या शालीची, त्या टाळ्यांची, पहिल्या रांगेत माना डोलावून रात्री घरी जाऊन आपापल्या लेकींसाठी स्थळं बघणाऱ्यांची. आणि तुम्ही, माझ्यासारखे बाहेर पडलेले, पार्टीत श्रीखंड चाटत "मी स्वतःच्या हिमतीवर आलो" म्हणता ना, तेव्हा तुमचीही येते. एकटं कुणी बाहेर पडत नसतं हो.

आता नाशिकला उतरले की मी मखमलाबादला जात नाही, सरळ कळवणची एस्टी धरते. कुणी घर कुठलं विचारलं तर सुमीचा पत्ता सांगते. मागच्या खेपेला भांडी घासता घासता तिनं विचारलं, "ताई, त्या एकट्या आकाशगंगेचं पुढं काय होतं गं?"

"शेजारच्या मोकळ्या जागा वाढत वाढत तिच्यापर्यंत येतात," मी म्हणाले. "मग तिचाही उजेड निघतो."

"किती वेळ लागतो?"

"कोट्यवधी वर्षं."

सुमीनं नळ बंद केला, पदराला हात पुसले.

"तेवढा वेळ नाय माझ्याकडं. उद्या माझ्याबरोबर कॉलेजात चल. राहिलेलं वर्ष पुरं करायचंय. ह्यांना सांगितलंय. विचारलं नाय."