बोट लागणारा ड्रायव्हर

प्रेमानंद खोब्रागडेला उभ्या आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती. तो एसटीत ड्रायव्हर होता, नागपूर डेपोला. चिखलदऱ्याच्या घाटात मागच्या सीटवरच्या बाया खिडकीतून डोकं काढून ओकायच्या, पोरं रडायची, आणि तो आरशात बघून कंडक्टरला म्हणायचा, "पिशव्या वाट गा." अशा प्रवाशांची त्याला थोडी कीव यायची आणि थोडा रागही यायचा. आपलं पोट आपल्याला सांभाळता येत नाही म्हणजे काय, हे त्याला खरंच कळत नसे. त्याच माणसाला रिटायर झाल्यावर अंदमानच्या समुद्रात बोट लागली, आणि तीही पोटच्या पोरीसमोर.

पोरीचं नाव प्रीती. तिचं आणि बापाचं वाकडं कधीच नव्हतं. बोलणंच फारसं नव्हतं. प्रेमानंदच्या ड्युट्या मुक्कामी गाड्यांच्या. आज मोर्शी, उद्या पुसद. घरी असला की झोपलेला असे, आणि घरात सगळे पाय न वाजवता चालत. मायलेकींचं जग त्या शांततेत हळू आवाजात वाढलं. तो जेवायला बसला की दोघी बोलायच्या थांबायच्या. भीतीनं नाही, पाहुण्यासमोर थांबावं तशा.

प्रीती इंजिनियर झाली, नागपूरच्याच मिहानमधल्या एका कंपनीत लागली. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर अंदमानला फिरायला गेली, तिथं पाठीला सिलिंडर बांधून एकदा समुद्रात उतरली आणि परत आली ती नोकरी सोडायचं ठरवूनच. प्रेमानंद तेव्हा बायकोजवळ एवढंच बोलला, "पाण्यात जाऊन काय करते म्हणते हे?" मनकर्णानं ते पोरीला सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. प्रीती गेली. शिकली आणि तिथल्याच एका बेटावर लोकांना पाण्याखाली नेण्याचं काम करू लागली. मनकर्णा रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलायची आणि मग स्वयंपाक करता करता नवऱ्याला थोडक्यात सांगायची. तिकडे पाऊस आहे म्हणते. सर्दी झाली होती, बरी आहे म्हणते. प्रेमानंदला तेवढं पुरत होतं.

मग मनकर्णा गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि दवाखान्यातून घरी आलीच नाही. प्रीती आली, सगळं होईपर्यंत थांबली आणि परत गेली. मनीषनगरच्या दोन खोल्यांत प्रेमानंद एकटा उरला. सकाळी विहारात वंदनेला जायचा, भाजी आणायचा, कुकर लावायचा. रविवारी प्रीतीचा फोन यायचा.

"जेवले का बाबा?"

"जेवलो. तू?"

"हो."

त्यानंतर दोघंही फोन कानाला लावून उभे राहत. बातमी इकडून तिकडे नेणारं माणूस मधून उठून गेलं होतं. एकदा अशाच एका गप्प फोनमध्ये त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी येतो तिकडे." प्रीती म्हणाली, "या नं."

जेट्टीवर ती घ्यायला आली होती. उन्हानं काळवंडलेली, खाऱ्या पाण्यानं केस तांबूस झालेले. "बारीक झाले तुमी," ती म्हणाली. बॅग तिनंच उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला आपल्या बोटीवर नेलं. तो कन्हानचा. नदीत म्हशींच्या शेपट्या धरून पोहायला शिकलेला. पाण्याची धास्ती त्याला नव्हती. बोटीवर चढण्याआधी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात तिनं त्याला नळीतून श्वास घ्यायला शिकवलं, चष्म्यात आलेलं पाणी बाहेर कसं काढायचं ते शिकवलं, आणि त्याला ते पटकन जमलं. आपण पोरीसमोर बरे ठरतो आहोत, असं त्याला वाटलं. निघण्याआधी त्यानं मुक्कामी ड्रायव्हरच्या सवयीनं पोटभर पुरीभाजी खाल्ली, वर दोन कप चहा घेतला.

बोट चालू होती तोवर ठीक होतं. पण खडकाजवळ नांगर टाकला, इंजिन बंद झालं आणि बोट जागच्या जागी डुलू लागली. पुढे जाणं नाही, मागे येणं नाही, नुसतं वर आणि खाली, आणि मध्येच एक हिसका आडवा. डिझेलचा वास रेंगाळत होता. प्रेमानंदच्या तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम आला. कठड्याला धरून तो वाकला, आणि मग वाकलेलाच राहिला. बंगळुरूची चार पोरं-पोरी बरोबर होती. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. एकीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

प्रीतीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असं होते बाबा. लेटू नका. दूर त्या बेटाकडे पाहत राहा." पण तिला त्या चौघांना खाली न्यायचं होतं, तिचं कामच ते होतं. एकेक करून सगळे पाण्यात पडले आणि दिसेनासे झाले.

बोटीवर प्रेमानंद आणि बोट चालवणारा असे दोघंच राहिले. उरलेले सिलिंडर एकमेकांवर आपटून ठण ठण वाजत होते. कठड्यावर हनुवटी टेकवून तो खाली बघत राहिला. निळ्या पाण्यातून बुडबुडे वर येत होते, पाच ठिकाणांहून. त्यातले एका जागचे प्रीतीचे असणार. कोणते, हे कळायला काही मार्ग नव्हता. एवढा लांबचा प्रवास करून तो पोरीजवळ आला होता, आणि ती आत्ता त्याच्या पायाखाली होती, आणि त्याला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. त्याला पुन्हा उमळून आलं. पोटात काही उरलं नव्हतं तरी.

उरलेले दिवस तो काठावरच बसला. प्रीती सकाळी जायची, दुपारी यायची. तो नागपूरला परतायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वेळी काठावरूनच उतरू आपण. बोटीवर नका येऊ." तिनं चांगल्या मनानं म्हटलं होतं. त्याला ते विमानभर टोचत राहिलं.

मग नागपुरात, जिथून समुद्र कुठल्याही दिशेला सारखाच लांब, त्यानं बोट न लागण्याची तयारी सुरू केली. फुटाळ्यावर बोटीत बसून पाहिलं. तलावाचं पाणी हलतच नव्हतं. बागेतल्या झोपाळ्यावर बसला, तर पोरांच्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. म्हणून भल्या सकाळी, बाग रिकामी असताना जाऊ लागला. झोपाळ्यावर डोळे मिटले की कसं होतं, समोरच्या कडुनिंबावर नजर ठेवली की कसं होतं, ते पाहायचा. रामटेकच्या गाडीत सगळ्यात मागच्या सीटवर बसून मुद्दाम पेपर वाचायचा. कन्हानचा पूल येईपर्यंत डोकं जड व्हायचं, आणि मग पेपर घडी करून तो समोरच्या काचेतून रस्ता बघायचा. ज्या सीटवरच्या लोकांचा त्याला राग येत असे, तीच ही सीट. एकदा त्याच्या शेजारी एक म्हातारी खिडकीबाहेर वाकली, तेव्हा त्यानं काही न बोलता तिची पिशवी मांडीवर धरून ठेवली.

चौकातल्या डॉक्टरनं हृदय तपासलं, रक्तदाब तपासला आणि गोळ्या लिहून दिल्या. बोटीवर बसायच्या बराच आधी घ्यायच्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही. आधी घरी घेऊन बघा, काहींना फार झोप येते, असंही त्यांनी सांगितलं. पहिली गोळी घेऊन प्रेमानंद दुपारभर झोपला. दुसऱ्या प्रकारची घेतली, ती मानवली. मग आल्याचा तुकडा चघळायची सवय केली. हे सगळं कशासाठी चाललंय, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. विहारातले लोक म्हणत, खोब्रागडे भाऊ अलीकडे सारखे फिरतीवर असतात.

रविवारच्या फोनवर त्यानं फक्त एवढं सांगितलं की हिवाळ्यात येतो. "बोटीवर येईन," असंही म्हणाला.

"काहून करता बाबा त्रास?"

"पाहू नं," तो म्हणाला.

या खेपेला त्यानं सकाळी दोन कोरडे टोस्ट खाल्ले, चहाला हात लावला नाही. गोळी वेळेवर घेतली होती. बोटीच्या मध्यावर, धूर येणार नाही अशा बाजूला बसला. बोट चालवणारा मागच्या वेळचाच होता, रांचीकडचा, प्रेमानंदच्याच वयाचा. त्यानं याला ओळखलं, आणि हा माणूस आकाश जिथं पाण्याला टेकतं त्या रेघेवर डोळे रोवून बसलाय हेही बघितलं. त्यानं हिंदीत विचारलं, आधी काय करायचा? बस चालवायचो, म्हटल्यावर हसून त्यानं आपल्या शेजारी उभं राहायला बोलावलं. तिथून समोरून येणारी लाट दिसत होती. खड्डा दिसला की ड्रायव्हरचं अंग आपसूक सावरतं, तसे प्रेमानंदचे गुडघे लाटेआधी वाकू लागले. पोट शांत राहिलं.

नांगर पडल्यावर मात्र डुलणं तेच होतं. प्रीतीनं वेळ घालवला नाही. "पहिले आपण उतरू. बाकीचे थांबतील," म्हणाली. सिलिंडर चढवताना तिनं त्याला सांगितलं, "खाली उलटी आली तं नळी तोंडातून काढायची नाही. तिच्यातूनच करायची. मी धरतो तुमचा हात." लहानपणी कॉलनीतल्या पोरांबरोबर खेळताना ती 'करतो, जातो' असंच बोलायची. इतक्या वर्षांत त्यानं ते ऐकलं नव्हतं.

ते दोराला धरून खाली गेले. थोडं खाली गेल्यावर डुलणं विरलं, पण मळमळणं विरलं नाही. प्रेमानंदनं पोटाकडे हात दाखवला. प्रीतीनं त्याच्या तोंडातली नळी आपल्या हातानं दाबून धरली, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट. तो नळीतूनच ओकला. तिनं नळीवरचं बटण दाबलं, घाण बाहेर गेली, हवा आली. बारीक पिवळे मासे धावत आले आणि दोघांभोवती गोळा झाले. काचेआड प्रीतीचे डोळे हसत होते. तिनं बोटांनी विचारलं, ठीक? त्यानं तसंच उत्तर दिलं. मग तिनं त्याला दंडाला धरून खडकांवरून हळूहळू फिरवलं. एक कासव चरताना दाखवलं. तिथं कुणी कुणाशी बोलायचं नसतं, आणि त्याला ते बरं वाटलं. न बोलण्याचा संकोच वाटावा असं काही तिथं नव्हतं.

वर आल्यावर तो पुन्हा बोट चालवणाऱ्याशेजारी उभा राहिला. प्रीती पुढच्या माणसाला घेऊन उतरली. पुण्याचा कुणी लठ्ठ गृहस्थ होता. ते दोराला धरून खाली जाताना स्वच्छ पाण्यातून दिसले. तिनं त्याचंही मनगट तसंच धरलं होतं, तितकंच घट्ट. धरावंच लागतं. प्रेमानंद बघत राहिला आणि मग त्यानं नजर त्या लांबच्या रेघेवर नेली.

संध्याकाळी जेवताना प्रीतीनं सांगितलं की तिला इजिप्तमध्ये काम मिळालंय. तिथल्या बोटी आठवडा आठवडा समुद्रातच राहतात, लोक बोटीवरच झोपतात. पगार बरा आहे. पुढच्या महिन्यात जायचंय.

"मी आलो असतो दर वर्षी इथं," तो म्हणाला.

"माहीत आहे बाबा." ती भात चिवडत राहिली. "आई असताना आले असते तं तिघं गेलो असतो. तिले कासव पाहायचं होतं."

मनकर्णाला कासव बघायचं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या कानावर आलेल्या थोडक्यात हकिकतींमध्ये ते कधी आलं नव्हतं. त्यानं ताटातली माशाची कढी संपवली. वाईट वाटलं का, असं प्रीतीनं विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाला, आणि तिकडे पासपोर्ट वगैरे सांभाळून ठेव, असं सांगितलं.

प्रीती इजिप्तला गेली. आता रविवारचा फोन चुकतो. ती समुद्रात असली की आठवडाभर लागत नाही. पण लागला की दोघांना बोलायला काहीतरी असतं. पाणी गार आहे का, किती दूरचं दिसतं, प्रवाह कसा आहे. ती विचारते, गोळी कोणती घेता? तो नाव सांगतो. कधी कधी दहा मिनिटंही होतात.

कारण त्यानं जाणं सोडलं नाही. हिवाळ्यात तो रेल्वेनं कोकणात उतरतो आणि मालवणला जाऊन चार-पाच दिवस राहतो. त्याला अजूनही बोट लागते. गोळी, टोस्ट, आलं, बोटीचा मध्य, एवढं सगळं करून तीन वेळांतून एकदा तरी तो कठड्यावर वाकतोच. आता त्याची लाज वाटत नाही. तोंड धुतो आणि सिलिंडर चढवतो.

तिथं पाण्यात जोडीनं उतरायचा नियम आहे. बोटीवर सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या असतात. नवराबायको, मित्र, बापलेक. शेवटी प्रेमानंद उरतो, आणि बोटीवरचा जो कुणी मोकळा असेल तो त्याच्याबरोबर येतो. या जानेवारीत एक जण आला, त्याचं नावही प्रेमानंदनं विचारलं नाही. दोघं शांतपणे उतरले, खडकाला फेरी मारली, वर आले. पाणी गढूळ होतं, फार काही दिसलं नाही. उलटी मात्र झाली नाही.

त्यानं ते प्रीतीला लिहून पाठवलं. ती समुद्रात होती. उत्तर आलं तेव्हा तो मनीषनगरला परतलेला होता आणि गॅलरीत ओले कपडे वाळत घालत होता.

"मस्त," तिनं लिहिलं होतं. "कोणासोबत गेले होते?"

प्रेमानंदनं हातातला टॉवेल दोरीवर टाकला. खाली बागेत कुणाची तरी पोरं ओरडत होती. मग त्यानं एका बोटानं सावकाश लिहिलं, "होता एक जण," आणि कुकर लावायला आत गेला.