बाथरूमच्या हँडलची पारख

भरवसा कोणावर ठेवावा, सांगा बघू? मित्रावर? बँकेवर? शारजात दारांची हँडलं, कड्या, कुलपं विकून केस पांढरे केले आणि माझं एकच मत झालं: वस्तू उलटी करून पाठ बघितल्याशिवाय कोणावरच नाही. चहा घ्या आधी. याच मताने माझी कशी शोभा केली ते सांगतो.

दुबईच्या जुन्या वस्तीत एक हॉटेल आहे. शहराच्या मधोमध कालव्यासारखी खाडी, तिच्यात लाकडी होड्यांची ये-जा, आणि काठावरची मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं जोडून हे केलेलं. इतकं स्टायलिश की दिव्याचं बटण सापडत नाही. एका रात्रीचे अठराशे दिरहम, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या वर. अर्थात, ते मी कुठले द्यायला. मॅनेजर आल्बर्ट, आपला वसईचा, म्हणाला, "शेठ, वहिनींना घेऊन एक रात्र राहा. आमची स्टाइल बघा, मग नव्या विंगच्या हँडलांचा भाव द्या." ही ऑर्डर म्हणजे माझं अख्ख्या वर्षाचं काम.

सकाळी आंघोळीला गेलो. दार लावलं, तर समोर हँडल. जुन्या पितळेसारखं, छान वाकदार. आता सराफ दुसऱ्याच्या बोटातली अंगठी बघून गप्प बसतो का? किल्ल्यांच्या जुडग्यात माझा छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. स्क्रू काढला, बाथरोबच्या खिशात टाकला, हँडल ओढून पाठ बघतोय, तोच मधली सळई सरकली आणि तिच्यासकट बाहेरचं हँडल बेडरूमच्या फरशीवर ठण्णकन पडलं. खलास. दार बंद, आणि हँडल ना आत ना बाहेर.

"अहो, काय पाडलंत?" बाहेरून बायको.

"मी कुठे? आपोआप पडलं."

"आपोआप. स्क्रूड्रायव्हर आणलाय ना?"

"अगं, ते उचल आणि भोकात घाल."

"मी हात लावणार नाही. या घरात एक कारागीर पुरे."

"मग फोन कर रिसेप्शनला."

"काय सांगू? नवरा न्हाणीघरात कोंडला?"

तेच सांगितलं तिने. आल्बर्ट मिस्त्रीला घेऊन धावत आला. आणि मला, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या मला, वाटलं की ही तर संधी आहे. विंगच्या ऑर्डरमधून जुना सप्लायर इथेच कापावा.

"आल्बर्ट," मी आतून आवाज चढवला, "हा कसला माल? नुसता हात लावला तर निखळला."

"सॉरी शेठ, सॉरी."

"अरे, वर मुलामा, आत भुसा. ज्याने हे विकलं त्याला पुन्हा दारात उभा करू नकोस."

"नाही करणार, शेठ. तुम्ही म्हणाल तसं."

मिस्त्रीने सळई घालून दार उघडलं. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो. मिस्त्रीने स्टोअरमधून तसलंच नवं हँडल आणलं होतं, त्याचं खोकं पलंगावर. बायकोने चष्मा लावला.

"अहो, या खोक्यावर आपल्या दुकानाचा शिक्का आहे."

होता. मागे एका कॉन्ट्रॅक्टरला मीच माल विकला होता. तो कुठे लावणार, हे मी कशाला विचारतोय?

आल्बर्ट खोक्याकडे बघतोय, मग माझ्याकडे. माल वाईट म्हणावा तर तो माझा. चांगला म्हणावा तर मग निखळला कसा? तेवढ्यात बायको म्हणाली, "खिशातला स्क्रू द्या त्यांना."

दिला. दुसरं काय करणार?

आल्बर्टने स्क्रू तळहातावर घोळवला. "शेठ, हँडलं हीच घेऊ. स्क्रूड्रायव्हरशिवाय निघत नाहीत, हे तुम्हीच दाखवलंत. फक्त भावाचं मी वहिनींशी बोलतो."

आता तुम्ही हा किस्सा गावभर सांगणार, मला ठाऊक आहे. सांगा. पण हिशेब चोख ठेवा: हँडल अस्सल, सळई अस्सल, स्क्रूसुद्धा अस्सल. त्या खोलीत खोटा नग एकच होता, आणि तो बाथरोब घालून उभा होता.