गाणी गोळा करणारे भट्टाचार्यदादा

आम्हा जुन्या सहकाऱ्यांचं दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये कुणाकडे जेवण असलं, की बिर्याणी संपेपर्यंत व्हिसा, शाळा आणि पुण्यातले फ्लॅट यांवर बोलणं होतं. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, दादांचा तो किस्सा..." आणि खलास! प्रत्येकाकडे एक असतोच. माझ्याकडचे हे असे.

भट्टाचार्यदादा आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे ड्रॉइंग्ज आणि कागदांना नंबर घालून ती जपायची. त्याआधी ते बर्दवानकडच्या एका कॉलेजात बंगाली शिकवायचे आणि गावोगाव फिरून लोकगीतं जमवायचे. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी दुबईला आले. इथे त्यांना शोध लागला, की आयुष्यभर फिरूनही जे जिल्हे झाले नसते, ते सगळे रोज सकाळी आमच्या लेबर बसमध्ये बसून साइटवर जातात! तेव्हापासून शर्टाच्या खिशात रेकॉर्डर.

*

मग २००८ चा आर्थिक क्रॅश आला. कोण राहणार, कोण जाणार, एवढंच ऑफिसात बोललं जायचं, तेही कुजबुजत. अशा दिवसांत खिशात रेकॉर्डर घालून फिरणारा माणूस म्हणजे काय! दादा पँट्रीत शिरले की लोक चहा अर्धा टाकून निघून जायचे.

शेवटी एचआरच्या मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही ऑफिसात नक्की काय रेकॉर्ड करता?"

दादांनी बटण दाबलं. बांगलादेशातल्या सिल्हेटचा एक गवंडी अंगाईगीत म्हणत होता. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"आणि आमच्या मीटिंग्ज?"

"मॅडम," दादा त्यांच्या बंगाली हिंदीत म्हणाले, "मीटिंग में कोई रखने लायक बात बोलता किधर है!"

*

ही गाणी ठेवायची कुठे? दादांनी ती कंपनीच्या सर्व्हरवरच ठेवली होती. काम बंद पडलेल्या एका टॉवरच्या फोल्डरमध्ये, ड्रॉइंगसारखे रीतसर नंबर घालून. तिकडे आता कोण फिरकणार, हा हिशेब!

पण त्याच टॉवरच्या क्लायंटचे एक लोकल अरब साहेब अचानक आढावा घ्यायला आले. टॉवर अर्ध्यावर थांबलेला. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने घाम पुसत लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि एक फाइल उघडली. कॉन्फरन्स रूमभर नावाड्यांचं गाणं घुमायला लागलं. ढोलकीसकट!

मॅनेजरला बंद करायचं बटण सापडेना. साहेबांनी हाताने खूण केली, "राहू दे." गाणं संपलं. ते उठले, पायघोळ पांढरा कंदुरा नीट केला आणि म्हणाले, "हबीबी, या प्रोजेक्टमधलं पूर्ण झालेलं काम मी आज पहिल्यांदा पाहिलं!"

*

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या लेबर कॅम्पात मात्र दादांना तेव्हा कुणी दारात उभं करेना. कारण सरळ होतं. ते आधी नाव विचारत, मग गाव, मग जिल्हा. त्या दिवसांत ऑफिसचा माणूस नाव विचारतो तो कशाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका संध्याकाळी मीही बरोबर होतो. खोलीत सगळे आपापल्या बंकवर बसलेले. शेवटी शटरिंगच्या एका सुताराने विचारलं, "साहेब, गाणं म्हटलं तर नोकरी राहील?"

"नाही," दादा म्हणाले. "गाणं राहील."

सुताराने थोडा विचार केला आणि गळा साफ केला. पुढच्याच महिन्यात त्याला परत पाठवलं. दादांनी पुढे या गाण्यांचं पुस्तक काढलं, त्यात त्याचं गाणं आहे, त्याच्या नावानिशी.

*

दादा आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. घरी रेकॉर्डिंग असलं की आवाज नको म्हणून एसी बंद. जुलैमध्ये! बौदी, म्हणजे त्यांच्या मिसेस, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन आमच्याकडे येऊन बसायच्या.

एकदा माझ्या बायकोला त्यांची दया आली आणि तिने एसी बिघडलाय म्हणून परस्पर मेंटेनन्सला फोन केला. मेकॅनिक आला, वर दादांकडे गेला, आणि बराच वेळ झाला तरी खाली येईना. मी माझ्या मुलीला बघायला पाठवलं.

ती धावत परत आली. "बाबा, ही इज नॉट रिपेअरिंग एनीथिंग. ही इज सिंगिंग!"

बौदींनी टॉवेल पुन्हा भिजवला. "बारिसालचा निघाला असणार," एवढंच म्हणाल्या.

*

पुढच्या वर्षी दादांनाही कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. व्हिसा संपायला थोडेच दिवस उरलेले. लोक अशा वेळी सीव्ही वाटत फिरतात. दादा म्हणाले, "मला खोर फक्कानच्या बंदरावर घेऊन चला."

तिथे मासेमारीच्या बोटीवर नुरुलमियाँ नावाचा नोआखालीचा एक स्वयंपाकी होता. त्याच्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हळद लावताना बायका म्हणायच्या, ते एक गाणं दादांना कुठेच मिळालं नव्हतं. नुरुलमियाँला ते माहीत होतं. पण तो हसून मान हलवायचा. बायकांचं गाणं, पुरुषाने कसं म्हणायचं?

"माझ्या बायकोला येतं," तो म्हणाला आणि त्याने गावी फोन लावला.

बायको लाजली. परका माणूस ऐकणार म्हणून नाही. तो म्हातारा प्रोफेसर आहे, ऐकू दे. पण नवऱ्याच्या समोर? छे! आधी त्यांना दूर पाठवा, मगच म्हणेन.

नुरुलमियाँ पाच वर्षं घरी गेला नव्हता. तो मुकाट्याने उठला, धक्क्याच्या पार टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. दादांनी फोनचा स्पीकर लावला, शेजारी रेकॉर्डर ठेवला. तिने गाणं म्हटलं. बारीक आवाज, पण एकदाही अडखळली नाही. मला बंगाली जेमतेम कळायचं, तरी मी हललो नाही.

गाणं संपलं. दादांनी रेकॉर्डर बंद केला, तिचे आभार मानले.

पलीकडून तिने विचारलं, "त्यांना ऐकू गेलं का?"

"नाही मा," दादा घाईने म्हणाले. "ते खूप लांब आहेत. एक शब्दही ऐकू गेला नाही."

पलीकडे तिच्या बांगड्या किणकिणल्या.

मग म्हणाली, "त्यांना जवळ बोलवा. मी परत म्हणते."